उशांचा किल्ला

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे दुपारी पत्त्यांचा अड्डा जमायचा. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू. मेंढीकोट मला कधी मानवला नाही, कारण त्यात भिडू असतो आणि भिडूच्या शिव्या खाव्या लागतात. झब्बूत मात्र मी पटाईत. झब्बू हा मुळी जिंकण्याचा खेळच नाही, शेवटी हातात पत्ते उरू न देण्याचा खेळ. बाकीचे एकमेकांना झब्बू देण्यात रंगले की आपण हळूच सुटायचं. आजी म्हणायची, "हा पोरगा कोपऱ्यात मांजरासारखा बसतो आणि दुधाच्या वेळेला बरोब्बर हजर!" मला ते कौतुक वाटायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात मी कपाटातून एक पत्त्यांचा कॅट काढला आणि त्याचे शंभर पत्ते सुटे करून वेगवेगळ्या डब्यांत टाकले. बायको म्हणाली, "अखेर मोडलास का तो?" तिला वाटलं जागा रिकामी करतोय. असो.

हा कॅट झब्बूचा नव्हे, मॅजिकचा. पूर्ण नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळावेत). रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने हा खेळ बनवला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या पत्त्यांत ५२ पत्ते सगळ्यांना समान. इथे हजारो वेगवेगळे पत्ते आहेत, आणि त्यातून निवडून प्रत्येकाने आपापला कॅट घरून बांधून आणायचा. जमिनीचे पत्ते असतात, ते दर टर्नला एक मांडायचा. त्यांच्यापासून 'माना' मिळतो, म्हणजे खर्चायला पैसा. तो मोजून राक्षस, देवदूत, शाप, जादू असं काय काय खेळायचं. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग आणि प्रत्येक रंगाचा आपला स्वभाव. प्रत्येकाकडे २० लाइफ, ती शून्यावर आली की खेळ खल्लास.

हे झालं दोघांचं. आम्ही खेळतो तो प्रकार चौघांचा, त्याचं नाव कमांडर. त्यात कॅट बरोबर शंभर पत्त्यांचा आणि साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकदाच. त्यातला एक पत्ता तुमचा सरदार, तो कायम बाजूला तयार बसलेला, मेला तर दोन माना जास्त मोजून परत आणायचा. लाइफ २० ऐवजी ४०. हा प्रकार कंपनीने काढलेला नाही. १९९० च्या दशकात अलास्कातल्या काही खेळाडूंनी तो आपापसात सुरू केला, आणि तिथून शेल्डन मेनेरी नावाच्या स्पर्धा-पंचाने तो जगभर नेला. १९९४ सालच्या पाच जुन्या ड्रॅगनांपैकी एक सरदार घ्यायचा असा मूळ रिवाज होता. ते ड्रॅगन सातसात ताकदीचे, म्हणून एकाच सरदाराचे तीन फटके बसले, म्हणजे २१, की लाइफ कितीही असो, माणूस बाद. हा नियम अजून आहे. कंपनीला जाग आली २०११ साली, तेव्हा तिने या प्रकाराचे तयार कॅट विकायला काढले. आज बहुतेक लोक हाच प्रकार खेळतात.

आमचं टेबल जमलं २०१४ साली, न्यू जर्सीत, माझ्या बेसमेंटमध्ये. चार जण. एक शेजारचे मास्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले अमेरिकन गृहस्थ, १९९४ पासून खेळणारे, आणि सरदारही तेव्हाचाच, निकोल बोलास नावाचा ड्रॅगन. दुसरा चेन्नईचा अण्णा. त्याचा सगळा कॅट मेलेल्यांना पुन्हा उठवण्याचा. तिसरा आमचा नागपूरकर, माझ्याच कंपनीत, माझ्याच मजल्यावर. आणि चौथे अस्मादिक.

आता खरी गंमत. दोघांच्या खेळात जे शहाणपण, ते चौघांत बहुतेक मूर्खपण ठरतं. हे मला कळायला दोन वर्षं लागली. लायटनिंग बोल्ट हा पत्ता घ्या. एक माना, ३ चा फटका. दोघांत समोरच्याच्या २० मधले ३ म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. चौघांत समोर तीन जण, प्रत्येकी ४०, म्हणजे १२०. त्यातले ३ म्हणजे चाळिसावा हिस्सा! वणव्यावर तांब्याभर पाणी. पण ह्याहून महत्त्वाचा हिशोब पुढे आहे. दोघांत मी एक पत्ता खर्चून तुमचा एक पत्ता मारला, तर बरोबरी झाली. चौघांत तसं केलं तर माझा एक गेला, तुमचा एक गेला, आणि उरलेले दोघे फुकटात पुढे गेले. भांडणारे दोघे गरीब होतात, बघणारे दोघे श्रीमंत. मास्तर हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिल्यासारखं सांगायचे.

म्हणून चौघांच्या कॅटमध्ये एकेकट्याला मारणारे पत्ते कमी आणि सगळ्यांना एकदम झोपवणारे जास्त ठेवतात. 'रॅथ ऑफ गॉड', चार माना, टेबलावरचे झाडून सगळे प्राणी साफ. किंवा 'सायफन माइंड': बाकीच्या प्रत्येकाने एक पत्ता टाकायचा आणि जितके पडतील तितके आपण उचलायचे. दोघांत तो एकास एक, चौघांत एकास तीन. अँथनी अलोंगी नावाच्या लेखकाने २००० च्या दशकात चौघा-पाचांच्या खेळासाठी पत्त्यांचे प्राणी ठरवले होते. कबूतर म्हणजे माणसं वाढतील तसा जोर वाढणारा पत्ता. गोरिला म्हणजे धाडकन मोठं काहीतरी करणारा. कोळी म्हणजे दबा धरून बसलेला, झुरळ म्हणजे कितीही मारा, परत येणारा. रॅटलस्नेक म्हणजे काही न करता नुसता शेपूट वाजवणारा, 'माझ्याकडे येऊ नका, महागात पडेल.' आणि प्लँक्टन म्हणजे सगळ्यांना खाऊ घालणारा. मला ही वर्गवारी इतकी आवडली होती की एकदा मी ऑफिसातल्या माणसांना लावून पाहिली. (निकाल इथे सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून.)

माझा कॅट म्हणजे रॅटलस्नेक आणि प्लँक्टन, बस. सरदार फेल्डाग्रिफ. हा एक जांभळा, पंखवाला पाणघोडा आहे. १९९६ सालचा पत्ता, आणि त्याचं नाव म्हणजे इंग्रजीत 'गारफिल्ड, पीएचडी' ह्या अक्षरांची उलटापालट, खेळ बनवणाऱ्याच्या सन्मानार्थ. ह्याचे गुण अफलातून आहेत. हिरवा माना दिला तर समोरच्या कोणाला तरी एक छोटा पाणघोडा भेट मिळतो. पांढरा दिला तर त्याला २ लाइफ. निळा दिला तर हा आपल्या हातात परत येतो आणि समोरच्याला एक पत्ता. थोडक्यात, लग्नातला आहेर वाटणारा सरदार. सोबत 'हाउलिंग माइन', म्हणजे प्रत्येकाला दर टर्नला एक पत्ता जास्त. मी आलो की टेबलावर लोक खूश! ह्या माणसाला कशाला मारायचं?

आणि तरीही कोणाला मारावंसं वाटलंच तर 'प्रोपगंडा' आणि 'घोस्टली प्रिझन'. दोन्हींचा अर्थ एकच: माझ्यावर प्राणी सोडायचा असेल तर प्रत्येक प्राण्यामागे २ माना भरा. दोन्ही मांडले की ४. जुन्या जकात नाक्यासारखं. माल अण्णाकडे न्या, मास्तरांकडे न्या, तिकडे रस्ता मोकळा आहे. इकडे आलात तर पावती फाडावी लागेल. अशा कॅटला खेळाडूंच्या भाषेत उशांचा किल्ला म्हणतात. लहान पोरं सोफ्याच्या उशा रचून आत बसतात ना, तसं.

जिंकायचं कसं? तर मांजरीने. 'फेलिडार सॉव्हरिन' नावाचा २००९ चा पत्ता आहे, मोठं पांढरं मांजर. (कॅटमधली कॅट. हा विनोद मी नऊ वर्षं करतोय, कोणी हसत नाही.) त्यावर लिहिलंय, तुमच्या टर्नच्या सुरुवातीला तुमच्याकडे ४० किंवा जास्त लाइफ असेल तर तुम्ही जिंकलात. २० पासून सुरू होणाऱ्या खेळात ४० गाठणं म्हणजे कष्टाचं काम, म्हणून तो पत्ता ठीक होता. पण कमांडर मुळात ४० पासूनच सुरू होतो! म्हणजे मला काही कमवायचंच नाही. इतर तिघे एकमेकांना बडवत असताना मला कोणी हात लावला नसेल, तर शेवटी मांजर काढायची, एक फेरी थांबायचं, आणि नमस्कार. ज्याला कोणी हात लावला नाही तो जिंकतो, असं त्या पत्त्यावर जवळजवळ लिहिलेलंच आहे.

मी किती डाव असे जिंकलो ते मोजलं नाही. खूप. मास्तर एकदा चहाचा कप ठेवत म्हणाले, "तुझ्याबरोबर खेळताना असं वाटतं की आम्ही तिघे खेळतोय आणि तू भाडं घेतोयस." सगळे हसले, मीही.

आता इथे ऑफिसचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याकडे एक मोठी रिलीज गडगडली. गिऱ्हाईक ओरडलं, वरच्यांची मीटिंग लागली. मीटिंगमध्ये एका साहेबाने शांतपणे सांगितलं की टेस्टिंग पुरतं केलं गेलं नाही, आणि ते काम नागपूरकराकडे होतं. काम त्याच्याकडे होतं हे खरं. पण तारखेच्या तीन आठवडे आधी त्याने त्याच साहेबाला मेल लिहून आणखी दोन आठवडे मागितले होते, आणि नाही असं उत्तर आलं होतं. मला हे कसं माहीत? मी त्या मेलच्या सीसीत होतो. नागपूरकर बोलायला लागला आणि त्याला मध्येच तोडलं. सगळे घरून जोडलेले, पडद्यावर अकरा चौकोन. माझा माइक म्यूटवर होता. एक बटण. मी खाली बघून काहीतरी टिपून घेतोय असं दाखवलं. काय टिपलं ते वहीत अजून आहे: एक चौकोन आणि त्यात दुसरा चौकोन.

का नाही बोललो? ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे मी, आपल्याकडचे लाखो लोक आहेत तसा. साहेब माझाही साहेब होता. आणि खरं सांगायचं तर एवढा विचारसुद्धा केला नाही. सगळ्यांचं लक्ष टेबलावरच्या धोक्याकडे आहे, आणि तो धोका मी नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. नऊ वर्षांची तालीम होती.

जानेवारीत कपात झाली, यादीत त्याचं नाव होतं. अशी यादी कशी बनते हे कोणालाच कळत नाही. कदाचित त्या मीटिंगचा काही संबंध नसेल. पण एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला ६० दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी किंवा परतीचं तिकीट. त्याची मुलगी तेव्हा चौथीत होती.

त्या साठातल्या तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, तो खेळायला आला. आम्हाला वाटलं नव्हतं येईल. वहिनींनी म्हणे ढकलून पाठवलं होतं. मुलाखतींबद्दल अण्णाने विचारलं, तो म्हणाला चालू आहेत. आणि आम्ही पत्ते पिसले.

त्याचा सरदार क्रेन्को, गोब्लिनांचा दादा. लाल कॅट. क्रेन्को स्वतः गोब्लिन आहे. तो आडवा केला की टेबलावर तुमचे जितके गोब्लिन असतील तितके नवीन येतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांसारखं. थांबवलं नाही तर चारपाच टर्नांत खेळ संपतो, म्हणून रिवाज असा की क्रेन्को आला की सगळे मिळून त्याला मारतात, आणि तो चिडून शिव्या देतो, आणि मजा येते.

त्या दिवशी त्याने आठ गोब्लिन जमवले आणि माझ्याकडे वळला.

माझा नाका पूर्ण उभा होता, गोब्लिनामागे ४ माना. लाल रंगाची एक अडचण अशी की जादूटोण्याच्या अशा पत्त्यांवर त्याच्याकडे जवळजवळ काही उतारा नाही. त्याच्याकडे आठ जमिनी. त्याने आठही आडव्या केल्या आणि दोन गोब्लिन पाठवले. फेल्डाग्रिफने एकाला अडवलं, दुसरा पोचला. ४० चे ३९.

मास्तरांनी चष्मा वर केला. आठ माना म्हणजे त्या टर्नला त्याला दुसरं काहीही करता येणार नव्हतं. पुढच्या टर्नला पुन्हा तेच. आठ माना, दोन गोब्लिन, एक मेला, एक पोचला. ३८. अण्णाकडे तेव्हा अडवायला एकही प्राणी नव्हता. सहा गोब्लिन फुकटात सोडले असते तर ६ चा फटका होता. मी म्हणालो, "अरे, अण्णा मोकळा आहे ना." तो काही बोलला नाही. फक्त जमिनी सरळ केल्या.

मग मी मांजर काढली. हिचा आणखी एक गुण म्हणजे ही जेवढा फटका मारते तेवढी लाइफ आपल्याला मिळते. पुढच्या टर्नला तिने अण्णाला ४ चा फटका मारला, मी ३७ वरून ४१ झालो. आता एक फेरी आणि डाव माझा. मास्तर म्हणाले, "थांबा, माझ्या हातात ह्याचं उत्तर आहे. माझी टर्न येऊ दे." त्यांच्या आधी नागपूरकराची टर्न होती. त्याने थांबायला हवं होतं. गोब्लिन पुन्हा दुपटीने वाढले होते, मास्तरांनी मांजर मारली असती आणि दोन टर्नांत तो स्वतः जिंकला असता. सगळ्यांना दिसत होतं.

त्याने 'ब्लास्फेमस अॅक्ट' खेळला. प्रत्येक प्राण्याला १३ चा फटका. हा पत्ता नऊ मानाचा, पण टेबलावर जितके प्राणी तितका स्वस्त होतो. त्याच्याच गोब्लिनांमुळे तो एका मानाला पडला. मांजर मेली, पाणघोडे मेले, त्याचे सगळे गोब्लिन मेले, क्रेन्कोही मेला. त्याच्यापुढे नुसत्या जमिनी उरल्या.

मास्तर म्हणाले, "अरे, पण मी सांगितलं होतं ना!" तो त्यांना इंग्रजीत सॉरी म्हणाला. आणि मग माझ्याकडे न बघता मराठीत, हळू, "नऊ वर्षं झाली. तुला कोणी हातच लावत नाही बे कधी."

मी म्हणालो, "गेम आहे रे."

"हो न. गेमच आहे."

डाव अण्णाने जिंकला. मेलेले उठवणाऱ्याच्या कॅटला एवढे मुडदे म्हणजे मेजवानी.

त्या रात्री मी नेहमीप्रमाणे हिशोब मांडला. खेळाच्या दृष्टीने त्याचं वागणं चूक होतं ह्यात वाद नाही. स्वतः बुडून दुसऱ्याला बुडवायचं, त्यात तिसरा राजा होतो. ह्या प्रकाराला सगळे नावं ठेवतात आणि ठेवावीतही. पण हिशोब करता करता माझ्याच कॅटचा हिशोब निघाला. हाउलिंग माइन सगळ्यांना एकेक पत्ता देते, म्हणून ती निःपक्षपाती, असं मी म्हणत आलो होतो. पण मी ती माझ्या टर्नला मांडतो, तेव्हा तिचा पहिला पत्ता माझ्या डावीकडच्याला मिळतो, मला सगळ्यात शेवटी. आणि ज्याच्याकडे माना जास्त, त्याला जादा पत्ता जास्त उपयोगी. ज्याच्याकडे जमिनीच नाहीत तो हातात पत्ते धरून बसतो. म्हणजे समान वाटलं की जो पुढे आहे तोच आणखी पुढे जातो. नऊ वर्षं मी कोणाचीच बाजू घेत नव्हतो आणि दर डावात कोणाची तरी बाजू घेत होतो. नाक्याचंही तेच. माझ्याकडे न येणारे गोब्लिन हवेत विरत नव्हते, ते कोणावर तरी जातच होते.

नागपूरकराला बावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली, डॅलसला. सामान हलवायला मी गेलो होतो. गाद्या वाहून नेल्या, टेपा लावल्या, वहिनींनी पोहे केले. बोलायला दोनदा संधी होती. जिन्यावर एकदा, आणि एकदा ट्रक येईपर्यंतच्या अर्ध्या तासात. मी त्याला डॅलसच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं.

नंतर दीड वर्ष काही नाही. दिवाळीचा मेसेज, बस. टेबल तिघांवर आलं. तिघांचा खेळ वाईटच, दोघे मिळतात आणि तिसऱ्याला चेपतात. मी पाणघोड्याचा कॅट कपाटात टाकला आणि नवीन बांधला. मुद्दाम असा सरदार शोधला जो घरी बसून काही करत नाही: अलेशा. २०१५ चा पत्ता. ताकद ३, जीव २, म्हणजे अगदी किरकोळ. पण ती हल्ल्याला गेली की थोडे माना देऊन एक मेलेला छोटा साथीदार तिच्या बाजूला उठून लढायला येतो. हल्ला केला तरच. नुसती बसली तर ती फक्त एक चित्र आहे.

पहिले सहा डाव मी सगळ्यात आधी बाद झालो. सलग. कोणावर हल्ला करायचा हे ठरवणं किती अवघड असतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तिसऱ्याच टर्नला ३ चा फटका मारला की तो माणूस डावभर लक्षात ठेवतो. शिवाय आपले प्राणी आडवे, दार उघडं. आणि आधी बाद झालं की तासभर चकल्या खात बघत बसायचं. अण्णा म्हणायचा, "तुला काय झालंय?" हळूहळू एवढं जमायला लागलं की जो खरंच पुढे आहे त्याच्यावरच जायचं, आणि का ते तोंडाने सांगायचं. "तुझ्याकडे नऊ जमिनी आहेत, म्हणून तुझ्यावर." सांगितलं की राग कमी येतो. निदान मास्तरांना.

२३ सप्टेंबर २०२४ ला कमांडरचे नियम बघणाऱ्या समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यात 'माना क्रिप्ट' होता, शंभर डॉलरहून महाग. मोठा गदारोळ झाला, समितीतल्या लोकांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरात त्यांनी हात वर करून सगळा कारभार कंपनीकडे सोपवला. २०२५ मध्ये कंपनीने मग कॅटच्या ताकदीच्या पाच पायऱ्या आखून दिल्या, म्हणजे अनोळखी माणसांनी आधीच बोलून घ्यावं की आपण कुठल्या पायरीवर खेळतोय. (ओळखीच्यांसाठी अशी काही सोय नाही.) पण मला आठवतो तो बंदीच्या दिवशी संध्याकाळी आलेला मेसेज. डॅलसहून. "तुझा क्रिप्ट गेला न बे!! 😂"

माझ्याकडे एक होता. २०१६ साली एका पाकिटात निघालेला. त्या पाणघोड्याच्या कॅटमध्ये तो तसा मूर्खपणाच होता, कारण नाणेफेक हरलं की तो आपल्यालाच ३ चा फटका मारतो, आणि मला तर ४० सांभाळायचे असायचे. पण महागडा पत्ता मिरवायचा मोह. त्याला ते लक्षात होतं. मी लिहिलं, "श्राद्ध घालतोय, येतोस का?" त्याने लिहिलं, "कॅमेरा लावतो."

करोनाच्या काळात आम्ही असे खेळलो होतो. फोन उंच स्टँडवर, कॅमेरा खाली टेबलावर. माणसाचा चेहरा दिसत नाही. दिसतात फक्त पत्ते आणि हात. त्याच्या डाव्या मनगटावर तोच जुना दोरा होता, किंवा तसाच दुसरा.

तीनचार शुक्रवार असेच गेले. मग एकदा मास्तर दार उघडायला वर गेले, अण्णा फोनवर होता. बेसमेंटमध्ये मी आणि पडद्यावर ते दोन हात. मी म्हणालो, "त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. मेल होतं माझ्याकडे."

हात पत्ते पिसत होते, ते थांबले नाहीत. तो पिसतो तेव्हा आवाज येतो, प्लास्टिकच्या पाकिटांचा.

"माहीत आहे," तो म्हणाला. "सीसीत मीच टाकलं होतं तुला." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणूनच टाकलं होतं."

मला काही सुचेना. सॉरी म्हणालो. तो "हं" म्हणाला. वरून मास्तरांच्या पावलांचा आवाज आला, पिझ्झ्याचा वास आला. अण्णाने फोन ठेवला.

"काय करून राहिला बे," पडद्यावरून आवाज आला. "टर्न तुझी आहे."

मी अलेशा आडवी केली. अण्णाकडे दहा जमिनी होत्या, तसं तोंडाने सांगितलं आणि त्याच्यावर गेलो. माझं दार उघडं पडलं. फिरत फिरत टर्न डॅलसला गेली. त्याने क्रेन्को आडवा केला, दोन बोटांनी दोन गोब्लिन पुढे सरकवले, माझ्या दिशेने. टोल नव्हता, अडवायला कोणी नव्हतं. मी वहीत ४० खोडून ३८ लिहिलं.